आरोग्य प्रश्नोत्तरे : न दुखणारी जखम

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे असून त्यांना १५ वर्षांपासून मधुमेह आहे. दरवर्षी ते पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत अनवाणी चालतात. यंदा परतल्यावर फरशीवर ओलसर डाग उमटलेले दिसले, म्हणून आईने त्यांचा पाय उचलून पाहिला, तर अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड फुटलेला होता. ‘दुखत नाही, मग काळजी कशाची?’ असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : एवढा फोड फुटूनही दुखत नाही, याचीच मला काळजी वाटते. हा अंक हाती पडेपर्यंत जखम भरली नसेल, तर त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे आणि तोवर त्या पायावर भार देऊ नये.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की मज्जातंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या दोन्ही खराब होतात. सर्वांत लांब तंतूंना ही झळ आधी बसते. त्यामुळे बधिरपणा पायाच्या बोटांपासून मोज्यासारखा वर चढतो आणि तो गुडघ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत बहुधा हाताच्या बोटांनाही मुंग्या येऊ लागतात. घाम कमी झाल्याने टाचा भेगाळतात व तेथून जंतू शिरतात. त्यातच पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या, तर जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही, पांढऱ्या पेशींचे कामही मंदावते, आणि संसर्ग हाडापर्यंत उतरून बोट किंवा पाऊल कापण्याची वेळ येऊ शकते.

डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णाला स्पर्श कळतो का, हे पाहतात. पायाच्या नाडीचे ठोकेही तपासतात. काही मिनिटांची ही तपासणी प्रत्येक मधुमेह्याने वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. गेलेली संवेदना सहसा परत येत नाही, मात्र साखर आटोक्यात ठेवल्यास पुढची हानी रोखता किंवा लांबवता येते.

वारीहून आल्यावर कढत पाण्यात पाय बुडवून बसण्याची आपल्याकडे सवय आहे. बधिर पाय त्यात भाजतात आणि कळतही नाही. कुरूप घरी ब्लेडने कापणेही तितकेच घातक आहे.

वडिलांची श्रद्धा मी समजू शकतो, पण अनवाणी चालणे आता थांबवावेच लागेल. जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांचे रबर) तळाची पादत्राणे घालून त्यांनी चालावे. प्रत्येक मुक्कामी सोबत्याकडून तळवे तपासून घ्यावेत. सोबती नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवून स्वतः पाहावेत.