इंजिन बदलायचं तर बदला, पण जुना ब्लॉक आधी उघडून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांची १९६६ ची हाय बॉनेट जीप, म्हणजे महिंद्राची सीजे ३बी, पेट्रोलवाली. कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात पाणी उकळलं, तरी तशीच दामटली, आणि वरच्या वळणावर इंजिन जाम झालं. मिस्त्री म्हणतायत, हे गेलं, घाला भंगारात, महिंद्राच्याच एमएम ५४० जीपचं डिझेल इंजिन आणून बसवतो, पुन्हा बघायला नको. शनिवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय.

शनिवारी काहीही सांगू नका. गाडी मिस्त्रींच्या शेडमधून ओढून घरी आणा, गोठ्यात लावा आणि वर ताडपत्री टाका.

हे मी पोळलेल्या हातानं लिहितोय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या जीपचं असंच झालं होतं, फक्त घाट सज्जनगडाचा होता. मलाही असाच शब्द दिला गेला आणि मी मान डोलावली. माझ्या डोळ्यांदेखत जुना ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ओतीव धड, भंगारवाल्याच्या काट्यावर चढला आणि किलोवर गेला. पुढं तीन वर्षांनी पेट्रोलकडं परत यायचं ठरवलं, तेव्हा तसाच ब्लॉक शोधायला मी सांगलीपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत फिरलो. मिळाला, पण आरसी बुकातला नंबर काही त्याच्यावर नव्हता. त्याचं काय काय झालं ते पुढं सांगतो.

आधी इंजिन खरंच गेलंय का ते बघू. गरम होऊन जाम झालेलं इंजिन गार झाल्यावर बऱ्याचदा सुटतं. स्टार्टर मारू नका, आणि ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढायचा उद्योग तर अजिबात नको, त्यात न मोडलेला कनेक्टिंग रॉडही मोडतो. चारी प्लग काढा, प्रत्येक भोकात अर्धी वाटी डिझेल आणि ऑइल मिसळून ओता, दोन दिवस तसंच राहू द्या. मग पुढून हँडल लावून हळूहळू, मागं-पुढं, हातानं. झटका द्यायचा नाही. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. नाही फिरलं तरी हेड (ब्लॉकचं वरचं झाकण) आणि चेंबर (खालचं तेलाचं भांडं) उघडल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

तेलाची कांडी बघा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी आत आलंय. गॅस्केट तरी गेलंय, नाहीतर चीर आहे. चेंबर खोलल्यावर तळाला चमचमणारा चुरा दिसला तर बेअरिंगं गेलीत. हेड काढताना एक खुबी: या इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली लपलेला असतो. कार्बोरेटर न काढता सगळे बोल्ट सुटले असं समजून पहार घालणारे आणि हेडचा कान तोडणारे मी पाहिलेत. तुमच्या मिस्त्रींना हा बोल्ट माहीत आहे का, एवढंच सहज विचारा. उत्तरावरून बरंच कळेल.

आता या इंजिनाची घडण सांगतो, कारण ते मेलं कशानं हे त्याच्यातच आहे. हे विलीजचं हरिकेन, २,१९९ सीसी, चार सिलिंडर. याच्या आधीच्या लो बॉनेट जीपमध्ये दोन्ही व्हाल्व ब्लॉकमध्ये असत आणि ताकद ६० हॉर्सपॉवर. हरिकेनमध्ये आत घेणारे व्हाल्व वर हेडमध्ये गेले आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्येच राहिले. ताकद सत्तरीपार गेली, पण इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. लोकांना ती जीप बेढब वाटायची. मला तीच देखणी वाटते, पण ते असो.

मुद्दा असा, की धुराची सगळी आग ब्लॉकमधून जाते. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या नसतील तर पहिला मार एक्झॉस्टच्या सीटला, म्हणजे धुराचा व्हाल्व जिथं टेकतो त्या कड्याला बसतो. सीट आणि सिलिंडर यांच्यामधला लोखंडाचा पट्टा अरुंद असतो, चीर जाते ती तिथंच. त्यात चार नंबरचा सिलिंडर पाण्याच्या पंपापासून सगळ्यांत लांब, आणि गाळ बसतो तोही मागंच. आपल्याकडं रेडिएटरमध्ये पिढ्यान् पिढ्या बोअरचं पाणी घातलंय. माझा दुसरा ब्लॉक उघडला तेव्हा मागच्या बाजूनं स्क्रूड्रायव्हरनं उकरून ओंजळभर चुना आणि गंज काढला होता. सातारा साधारण ७०० मीटरवर, कास १,२०० च्या आसपास. त्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये, मागून वाऱ्याची झुळूक आणि रेडिएटर निम्मा तुंबलेला, मग काय होणार?

आणखी एक. तुमच्या गाडीतला थर्मोस्टॅट कुणीतरी कधीच काढून फेकला असेल, पैज लावतो. "आपल्या हवेत लागत नाही" हे वाक्य मी प्रत्येक गॅरेजात ऐकलंय. थर्मोस्टॅट नसला की सपाटीला इंजिन गारच राहतं, तेलात चिखल होतो, रिंगा झिजतात. आणि तुंबलेला रेडिएटर घाटात उकळायचा तो उकळतोच. म्हणून कुठलंही इंजिन बसवा, रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेतल्याशिवाय, होज, पंख्याचा पट्टा आणि पाण्याचा पंप बघितल्याशिवाय बसवू नका. नाहीतर नवं इंजिन त्याच वळणावर त्याच कारणानं बसेल.

पेट्रोलबद्दल एक लक्षात ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुन्या फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या त्यात गळतात, शिवाय कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण जरा पातळ होतं आणि इंजिन आणखी तापतं. नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणारे घ्या, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक पायरी मोठा करून बघा. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलची तक्रार कुणाकडं करायची म्हणा!

आता डिझेल. मिस्त्री अगदीच खोटं बोलत नाहीत. एमएम ५४० मधलं प्यूजोचं ४.९० हे २,११२ सीसीचं इंजिन चिवट आहे, सुटे भाग मिळतात, आणि खर्चात फरक पडतो. माझी जीप पेट्रोलवर लिटरला सात-आठ देते, डिझेल असताना बाराच्या पुढं द्यायची. रोज मेढा-बामणोली करायचं असेल, ट्रॉली ओढायची असेल, तर मी तुम्हाला अडवणार नाही. पण "डिझेल म्हणजे ताकद" हे डोक्यातून काढा. ते इंजिन ६२ हॉर्सपॉवरचं. कागदावर तुमचं जुनं हरिकेन त्याच्या वर आहे.

शिवाय डिझेल बसवायचं म्हणजे नुसतं इंजिन बसत नाही. तुमच्या पुतण्यानं अमेरिकेतल्या हॉटरॉडचे, म्हणजे जुन्या गाडीत दमदार इंजिन घातलेल्या गाड्यांचे, व्हिडिओ दाखवले म्हणता, "ते लोक तर १९३२ च्या फोर्डमध्ये काहीही घालतात." घालतात की. त्या फोर्डमध्ये मुळात ६५ हॉर्सपॉवरचं व्ही ८ होतं, आणि १९५५ साली शेवरोलेचं छोटं व्ही ८ आल्यावर ते जुन्या गाड्यांत घालायची लाटच आली. पण त्या व्हिडिओत शेवटी गाडी पळताना दिसते. त्याआधी बदललेले ब्रेक, मागचा अॅक्सल, गिअरबॉक्स, चासीला मारलेले आडवे पट्टे कोण बघतं? तुमच्या जीपला नऊ इंची ड्रम ब्रेक आहेत. पुढं वजन वाढलं की पाटे बसतात, स्टिअरिंग जड होतं, आणि थरथर सगळी चासीत जाते. माझ्या चासीला डाव्या माउंटिंगपाशी तडा गेला तो दुसऱ्या पावसाळ्यात. वेल्डिंग केलं, सहा महिन्यांनी त्याच्याच शेजारी दुसरा.

त्याहून वाईट झालं ते गिअरबॉक्सचं. तुमच्या टी-९० या तीन गिअरच्या बॉक्सला डिझेल जोडायला लेथवर प्लेट करून घेतात. प्लेटचं भोक क्रँकच्या बरोबर मध्यावर यायला हवं, पाच थाउच्या (इंचाच्या हजाराव्या भागाला थाउ म्हणतात) आत. आमच्या लेथवाल्यानं ते नजरेनं जुळवलं. वर्षभरात पायलट बुश (क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणारं) आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंग दोन्ही खाल्लं. डिझेल घालायचंच असेल तर डायल गेज लावून माप दाखवा म्हणावं, किंवा इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा बॉक्स) असा एकाच गाडीचा अख्खा सेट घ्या. सेट घेतलात तरी ट्रान्सफरचं तोंड तुमच्या डिफरन्शियलच्याच बाजूला आहे ना, उजवीकडं, ते बघा, आणि प्रॉपेलर शाफ्टची लांबी नव्यानं मोजा.

कागदांचं मी मुद्दाम वेगळं काढलंय, कारण सगळे तिथंच झोपतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत लिहिलंय त्यापेक्षा वेगळं काही गाडीत करायचं तर आरटीओची मंजुरी लागते आणि बदल केल्यावर १४ दिवसांत कळवावं लागतं. पेट्रोलचं डिझेल करणं म्हणजे इंधनच बदललं. ते आधी विचारल्याशिवाय करू नका. नंतर पासिंगला गेलात की गाडी तिथंच अडते, आणि मधे अपघात झाला तर विमावाले आरसीतलं इंधन आधी वाचतात. आमच्या मिस्त्रींनी "ते होतं नंतर" म्हटलं होतं. एमएच ११ च्या, म्हणजे साताऱ्याच्या आरटीओच्या त्या आवारात मी किती सकाळी उभा राहिलो ते मोजलं नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला बहुधा कुणी सांगितली नसेल. २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचा नियम आणला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी असली तर वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत. तुमची जीप वयानं बसते. पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. डिझेल घातलं की ते दार बंद. अर्थात व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोज फिरवता येत नाही, मेळावे, प्रदर्शन, दुरुस्ती असल्या कामांपुरतीच. शेतावर न्यायची असेल तर तुम्हाला तिचा उपयोग नाही. तरी आजोबांची गाडी आहे, नातवाला उद्या वाटलं तर वाट उघडी असावी, एवढंच.

समजा ब्लॉक शाबूत निघाला. मग बोअर करा आणि ओव्हरसाइज पिस्टन घाला. आधी कुठल्या साइजवर आहे ते मोजून घ्या. साठ थाउच्या साइजला पोचला असेल तर लायनर (सिलिंडरात बसवायच्या नव्या नळ्या) मारावे लागतील. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगसाठी मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातो. तिथं ऑइल इंजिनं बांधण्यात पिढ्या गेल्यात, मापाला माणूस लाजत नाही. पण आधी प्रेशर टेस्ट (पाण्याच्या वाटांत दाब देऊन चीर शोधणं), मग बोअर. चिरलेल्या ब्लॉकला बोअर मारून मग चीर सापडली असं होऊ देऊ नका.

ब्लॉक चिरलेलाच निघाला तर दुसरं हरिकेन शोधा. घेताना विकणाऱ्याच्या गाडीच्या आरसीची प्रत, बिल आणि त्याच्या सहीचा कागद घ्या. नंबर पाण्याच्या पंपाच्या मागं ब्लॉकवर ठोकलेला असतो, तो घासून बघा, फोटो काढा. कुणी "घासून तुमचा जुना नंबर मारून देतो" म्हणालं तर तिथून चालू लागा, ते सरळ गुन्ह्याचं काम आहे. मी नवा नंबर रीतसर आरसीवर चढवून घेतला. पाच महिने लागले, पण आज कुणीही बॉनेट उघडावं.

बसवताना फार काही नाही. ग्रिल आणि रेडिएटर काढलं की इंजिन पुढून निघतं. आम्ही चेनकप्पी आंब्याला बांधली होती. दीडशे किलोच्या वरचं वजन आहे, फांदी नीट निवडा आणि पोरांना लांब ठेवा. पायलट बुश रात्रभर तेलात भिजवा. क्लचप्लेट मधोमध धरायला जुना इनपुट शाफ्ट वापरा. मागचं दोरीचं सील नवंच घाला, जुनं चांगलं दिसलं तरी. पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून स्टार्टर मारा, गेजवर तेलाचा दाब दिसल्यावरच प्लग लावा. पहिले ५०० किलोमीटर घाट नाही, ट्रॉली नाही, आणि एकाच वेगानं चालवायचं नाही. कोरेगावच्या रस्त्यानं कमी-जास्त करत फिरवा. मग तेल बदला आणि हेडचे बोल्ट पुन्हा ताणा, मधून सुरुवात करून बाहेर. कार्बोरेटरखालचा विसरू नका.

तर आता प्लग काढा, तेल ओता, दोन दिवस थांबा. हेड उघडलंत की चार नंबरच्या एक्झॉस्ट सीटचा फोटो काढा, आधी पेट्रोलनं पुसून, उजेडात, जवळून. तो पाठवा. चीर आहे का नुसती काजळीची रेघ, ते फोटोत बहुतेक दिसतं. नाहीच कळलं तर रविवारी मी येतो, गोडोलीहून तुमचं गाव लांब नाही.