एफएफएच्या फोटोत पांढरं दिसलं म्हणजे गळतंय असंच समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की आईंना जुना डायबेटिस आहे, एफएफएच्या (शिरेतून चमकणारा रंग देऊन काढलेल्या डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या) फोटोत पांढरे ठिपके आणि काळे डाग आलेत, आणि पांढऱ्याची भीती वाटते. ठाण्यात नौपाड्यातल्या एका रेटिना क्लिनिकमध्ये मी हेच फोटो काढते. एका फोटोवरून काही ठरवू नका. प्रत्येक फोटोवर मिनिटं-सेकंद छापलेले असतात, आधी ते बघा.

हाताच्या शिरेतून दिलेला हा रंग, म्हणजे फ्लुओरेसिन डाय, साधारण 10 ते 15 सेकंदांत डोळ्यात पोचतो. निरोगी पडद्याच्या केशवाहिन्या त्याला बाहेर पडू देत नाहीत. आता एकाच ठिपक्याचा अर्ध्या मिनिटाचा आणि पाचव्या मिनिटाचा फोटो शेजारी ठेवा. ठिपका पसरला, कडा पुसट झाल्या, तर ते लीकेज, म्हणजे गळती. आकार तोच राहिला, कडा रेखीव राहिल्या आणि शेवटी बाकीच्या चित्राबरोबर फिका पडला, तर बहुधा विंडो डिफेक्ट: तिथला रंगद्रव्याचा थर विरळ झाल्यामुळे मागची चमक दिसते, गळत काही नाही. डायबेटिसमध्ये सुरुवातीलाच चमकणारे बारीक ठिपके बहुतेक मायक्रोअन्युरिझम, म्हणजे केशवाहिन्यांना आलेले बारीक फुगे, असतात. त्यातले काही गळतात, काही नाही.

मला जास्त काळजी काळ्याची वाटते. काळं दोन कारणांनी दिसतं. सांडलेलं रक्त मागची चमक झाकतं, किंवा तिथल्या केशवाहिन्याच बंद पडलेल्या असतात. या बंद पडण्याला रिपोर्टमध्ये सीएनपी लिहितात. ओळखायचं कसं? रंगीत फोटो शेजारी ठेवा. त्याच जागी लाल डाग असेल तर रक्त. लाल काही नाही आणि एफएफएत मात्र तो तुकडा काळा, कडेच्या वाहिन्या तिथेच तुटल्यासारख्या, तर सीएनपी. अशा उपाशी पडद्यातून व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) सुटतं आणि नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या उगवतात. त्या डाय भराभर सोडतात आणि त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. लेझर करायचं की इंजेक्शन द्यायचं, हे ठरवताना डॉक्टर हे सगळं बघतात.

डाय न देता होणाऱ्या ओसीटी अँजिओग्राफीत बंद केशवाहिन्या छान दिसतात, पण गळती दिसत नाही.

डायमुळे लघवी दीड दिवस पिवळी-केशरी होईल, त्याला घाबरू नका.

कळव्या-मुंब्र्याहून येणारे पुष्कळ जण दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला रिपोर्टचं एकच पान नेतात. तुम्ही सगळ्या वेळांचे फोटो आणि रंगीत फोटोही न्या, आणि तीन गोष्टी विचारा: मॅक्युलाला (पडद्याच्या मधल्या भागाला) सूज आहे का, सीएनपी किती भागात आहे, नव्या रक्तवाहिन्या आल्यात का.