कोल्हापुरातून वापरलेलं लांब पल्ल्याचं बिझनेस जेट घेताना काय तपासावं?

प्रश्न थोडक्यात असा: शिरोलीत फाउंड्री, वर्षाला चार-पाच फेऱ्या जर्मनीला, एखादी न्यूयॉर्कला. दलालानं २००८ सालचं, ४,२०० तास उडालेलं गल्फस्ट्रीम जी५५० दाखवलंय. घ्यावं का?

दलाल तास आधी सांगतो, कारण आकडा ऐकायला बरा वाटतो. पण या विमानांचे बरेच मोठे खर्च तारखेवर येतात. जी५५० ला ९६ महिन्यांची आणि १९२ महिन्यांची तपासणी असते. २००८ च्या विमानाचे १९२ महिने २०२४ मध्येच भरले. ती तपासणी झाली का, कुठे झाली, वर्क ऑर्डर (केलेल्या कामाचा कागद) कुठाय, हे आधी विचारा. झाली नसेल तर तो खर्च किमतीतून वजा, आणि तेवढे दिवस विमान जमिनीवर. याच वर्गातल्या फाल्कन ७एक्सला हाच हिशेब दर ८ वर्षांच्या सी-चेकचा (मोठ्या तपासणीचा), बॉम्बार्डिअरच्या ग्लोबलला १० वर्षांनी लँडिंग गिअर (चाकांचा सांगाडा) खोलून दुरुस्त करण्याचा. एकाच सालच्या दोन विमानांत म्हणूनच किमतीचा मोठा फरक पडतो.

त्याच्याही आधी वय. वापरलेलं विमान आयात करताना डीजीसीएची, म्हणजे हवाई वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, वयाची अट असते आणि ती मधल्या काळात बदललीय. आज लागू असलेला नियम लेखी हातात घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. २००८ चं विमान इथंच अडकू शकतं.

आता पल्ला. जी५५० चा कागदावरचा पल्ला ६,७५० नॉटिकल मैल, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. मुंबई-न्यूयॉर्क अंतरही जवळपास तेवढंच. कागदावरचा आकडा वारा शून्य आणि मोजके प्रवासी धरून काढलेला असतो. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना समोरून वारा लागतो. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तो वळसा वेगळा. थोडक्यात, अमेरिकेला जाताना एक थांबा धराच. मग जर्मनीच्या पावणेसात हजार किलोमीटरसाठी एवढं मोठं विमान कशाला? फाल्कन ९००एलएक्स (४,७५० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ८,८०० किलोमीटर) वळसा धरूनही पुरतं आणि वजनानं जी५५० च्या निम्म्याच्या आसपास आहे. माझा कल तिकडेच.

उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूर विमानतळाची, धावपट्टी सुमारे १,९०० मीटर, समुद्रसपाटीपासून उंची ६०० मीटर. जी५५० ला पूर्ण वजनानं समुद्रसपाटीला, थंड हवेत साधारण १,८०० मीटर लागतात. उंची आणि उष्णता दोन्हीनं जास्त धावपट्टी लागते, तेव्हा मे महिन्याच्या दुपारी इथून टाक्या भरून उडणं विसरा. पण इथं कस्टम-इमिग्रेशन नसल्यानं परदेशी जाताना मुंबई किंवा गोव्याला उतरावंच लागतं. तेव्हा इथून हलकं निघायचं, इंधन तिथं भरायचं. धावपट्टीची भार सोसण्याची क्षमता आणि २८ मीटर पंखांना पार्किंग, एवढं मात्र विमानतळावर आधी विचारून घ्या.

खरी परीक्षा खरेदीपूर्व तपासणीत. म्हैस घेताना आपण विकणाऱ्याच्याच भावाला डॉक्टर म्हणून बोलावत नाही. इथंही विमान ज्या केंद्रात नेहमी सांभाळलं जातं ते सोडून उत्पादकाच्या दुसऱ्या अधिकृत केंद्रात न्या. दोन्ही इंजिनांची आणि एपीयूची (शेपटीतलं छोटं साहाय्यक इंजिन) बोरोस्कोप तपासणी (आत कॅमेरा घालून), टेस्ट फ्लाइट, आणि गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) व टॉयलेटखालच्या फरशीचे पॅनल उघडून पाहणी, हे करारात नाव घेऊन लिहा. कॉफी-पाणी नि टॉयलेटची गळती वर्षानुवर्षं तिथंच मुरते. वरून कार्पेट नवं, खाली अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी. विमान आखातात किंवा समुद्रकाठी राहिलं असेल तर जास्तच बघा. इंटिरिअर नवं केलं असेल तर प्रत्येक कापड-चामड्याचं आग-चाचणीचं प्रमाणपत्र मागा. ते हरवलेलं असलं तर सीटा पुन्हा उसवाव्या लागतात.

कागद: लॉगबुक पहिल्या दिवसापासून सलग हवीत. आयुष्य ठरलेल्या भागांचा, म्हणजे इंजिनातल्या डिस्क आणि लँडिंग गिअरच्या भागांचा, उगमापासूनचा इतिहास नसेल तर तो भाग संपलेला धरा. इंजिन तासावारी देखभाल योजनेत (उडालेल्या तासागणिक पैसे भरायचे, मोठी दुरुस्ती योजनेतून) असेल तर योजनेच्या कंपनीकडून पत्र घ्या: तास कुठपर्यंत भरलेत, नव्या मालकाच्या नावे होतं का. योजनेत नसेल तर आत शिरताना मागचे तास भरून द्यावे लागतात. ही रक्कम भल्याभल्यांना घाम फोडते. भारतात नोंदणीसाठी जुलै २०२१ पासून गगन (भारताची उपग्रहावर चालणारी दिशादर्शन यंत्रणा) उपकरण लागतं, तेही पाहा; मागाहून बसवणं महाग पडतं.

पैसे विकणाऱ्याला थेट देऊ नका, एस्क्रोत, म्हणजे तिसऱ्या तटस्थ पक्षाकडच्या खात्यात, ठेवा. तपासणीतले उडण्यास बाधक दोष विकणाऱ्याच्या खर्चानं दुरुस्त होतील, आणि तुम्ही लेखी तांत्रिक मान्यता देईपर्यंत अनामत परत मिळेल, ही दोन वाक्यं करारात असू द्या.

खासगी नोंदणी की अनियमित सेवेचा (भाड्यानं चार्टर उड्डाणं करण्याचा) परवाना, हे आयातीआधी ठरवा. वैयक्तिक वापराच्या विमानावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, इतर विमानांवर ५. पण परवाना घेतला तर त्या नियमांप्रमाणे माणसं नेमावी लागतात आणि कागद सांभाळावे लागतात. केवळ कर वाचवायला तो घेतला तर पुढं चौकशी मागे लागते.

तर दलालाला आज एवढंच लिहा: १९२ महिन्यांच्या तपासणीची वर्क ऑर्डर, इंजिन योजनेचं पत्र, आणि नुकसानीची नोंद असलेलं लॉगबुकचं प्रत्येक पान. आठवड्यात आलं नाही तर दुसरं विमान बघा.