कोणतं बोट बधिर आहे?

प्रश्न : मागच्या महिन्यात जालना रोडवर मोटारसायकल घसरली. एक्स-रे चांगला आला. मानेचं दुखणं कमी झालंय, पण उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला सारख्या मुंग्या येतात. मार मानेला, मग त्रास बोटांना कसा? (एक वाचक, बदनापूर)

मानेत मणके ७, पण तिथून निघणाऱ्या नसांच्या जोड्या ८. हाताचा कोणता भाग कोणत्या नसेचा, हे बरंचसं ठरलेलं असतं. अंगठा आणि तर्जनी बधिर असेल तर संशय सहाव्या नसेवर, मधलं बोट असेल तर सातव्या, करंगळी असेल तर आठव्या नसेवर. म्हणून दवाखान्यात नुसतं ‘हात बधिर होतो’ म्हणू नका, बोट दाखवा. निम्मं निदान तिथंच होतं.

एक्स-रेत हाड दिसतं. नस आणि मणक्यांमधली गादी दिसत नाही. तुमच्या वर्णनावरून पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी सरकून नसेला टेकली असावी, पण हे तपासूनच नक्की सांगता येईल. अशा त्रासात बहुतेकांना काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, शस्त्रक्रियेविना आराम पडतो. एमआरआय लगेच हवाच असं नाही. चाळिशीनंतर धडधाकट माणसाच्या एमआरआयमध्येही सरकलेली गादी सापडते, आणि तो कागद वाचून माणूस उगाच झोप घालवतो.

मात्र ताकद बघा. बादली उचलताना, गाडीचा ब्रेक दाबताना उजवा हात कमी पडतो का? पडत असेल तर थांबू नका. दुखण्यापेक्षा बधिरपणा गंभीर, बधिरपणापेक्षा ताकद जाणं. दुखणं थांबलं आणि हात लुळा पडू लागला, तर त्याला सुधारणा म्हणत नाहीत.

प्रश्न : वडील सत्तरीचे. ओसरीच्या पायरीवरून तोंडावर पडले. हाड मोडलेलं नाही. चालतात, पण सदऱ्याची गुंडी लागत नाही, भाकरी मोडता येत नाही. आठवडाभर वाट पाहावी का? (एक वाचक, गंगाखेड)

नाही. आजच निघा.

उतारवयात मणक्यांमधली मज्जारज्जूची वाट आधीच अरुंद झालेली असते. तोंडावर पडताना मान झटक्यात मागे जाते आणि मज्जारज्जू चिमटला जातो. हाड शाबूत राहूनही हे घडतं. यात पायांपेक्षा हात जास्त कमजोर होतात, म्हणून माणूस चालतो आणि घरचे निर्धास्त राहतात. जीपच्या मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा, मान सरळ ठेवा आणि एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. तुमच्या भागातून कित्येक जण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात जातातच. लघवी अडली किंवा पाय लटपटू लागले, तर रात्र असली तरी निघा.

प्रश्न : मोळी ट्रकमध्ये भरताना बायकोचा फळीवरून पाय घसरला. मान आखडली, डाव्या हाताला मुंग्या आहेत. टोळीतले म्हणतात, एक जण झटका देऊन मान मोकळी करून देतो. जावं का? (एक ऊसतोड कामगार, वडवणी)

त्याच्याकडे अजिबात नेऊ नका. नस दबलेली असताना झटका दिला तर मुंग्यांवर भागलेलं दुखणं कायमच्या लुळेपणापर्यंत जाऊ शकतं. चोळणंही नको. लचकलेली मान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखते, तेवढ्यानं घाबरू नका. पण मुंग्या आहेत म्हणून डॉक्टरला एकदा दाखवाच. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘आराम करा’ सांगणं सोपं आहे, हे मला कळतं. निदान डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोळी बायकोच्या डोक्यावर देऊ नका आणि तिला फळीवर चढवू नका.

प्रश्न : अपघातानंतर मानेचा पट्टा चार महिने लावतोय. काढला की भीती वाटते. (एक वाचक, उदगीर)

हाड मोडलं नसेल आणि डॉक्टरांनी मुद्दाम लावायला सांगितला नसेल, तर पट्टा काही दिवसांपुरताच असतो. इतके महिने लावला की मानेचे स्नायू आळसावतात, आणि भीती त्याचीच आहे. डॉक्टरांना विचारून आधी घरात तासभर काढा, मान दोन्हीकडे सावकाश वळवा, मग वेळ वाढवत न्या. तोवर मोटारसायकल नको, पट्टा लावून तर नकोच. मान न वळवता मागची गाडी दिसत नाही.