आठ लाखांत कुटुंबासाठी जुनी एसयूव्ही घ्यायची आहे. इंजिन बघावं की साल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, घरात पाच माणसं, त्यात आई-बाबा आणि बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ऑफिस १२ किलोमीटरवर. वर्षातून चार-पाच वेळा गुहागरला गावी जाणं. हातात ८ लाख. समोर तीन गाड्या: २०१६ची एक्सयूव्ही ५००, २०१८ची क्रेटा १.६ डिझेल आणि २०२०ची विटारा ब्रेझा पेट्रोल.

मी सिंहगड रोडला सतरा वर्षं गॅरेज चालवतो. आठवड्याला दोन-तीन जण तरी जुनी गाडी दाखवायला आणतात, पण बरेच जण टोकन देऊन झाल्यावर येतात. तुम्ही आधी विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

बघायचं दोन्ही, पण आधी इंजिन. आणि ‘साल’ म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो: इंजिन बाजारात कधीपासून आहे, ही गाडी कधी बनली, आणि ती प्रदूषणाच्या कुठल्या नियमात बनली. तिन्ही सुटे करून बघितलं की निम्मा गोंधळ संपतो.

पहिलं, इंजिनाचं वय. नव्या मॉडेलची पहिली खेप घेऊ नये म्हणतात ते बरोबरच आहे, पण मॉडेल नवं असलं तरी इंजिन जुनं असू शकतं. ब्रेझा पेट्रोल २०२० साली आली, पण तिचं १४६२ सीसीचं इंजिन २०१८पासून सियाझ आणि अर्टिगात पळत होतं. क्रेटा २०१५ची, पण तिचं १.६ डिझेल २०११च्या व्हर्नापासून आपल्या रस्त्यांवर आहे. एक्सयूव्ही ५०० २०११ला आली तेव्हा तिचं २.२ एमहॉक स्कॉर्पिओमध्ये आधीच मुरलेलं होतं. म्हणजे तुमच्या यादीतली तिन्ही इंजिनं मिस्त्री लोकांच्या हाताखालून हजारो वेळा गेलेली आहेत आणि तिन्हींना टायमिंग चेन आहे, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी-मिटणारी साखळी. इथे तुमची निवड चांगली आहे.

चेनचा मुद्दा मुद्दाम काढला, कारण या बजेटमध्ये तुम्हाला डस्टर १.५ डिझेल आणि इकोस्पोर्ट डिझेलही दाखवतील. चालवायला दोन्ही फार छान गाड्या, घाटात तर मजा येते. पण त्यांना चेनच्या जागी टायमिंग बेल्ट, म्हणजे पट्टा आहे. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना बदलावाच लागतो आणि चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून हेड उघडावं लागतं. मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजून तेवढे पैसे किमतीतून कमी करायला लावा.

आता नियमाचं साल, कारण लोक चुकतात ते इथे. प्रदूषणाचा बीएस-४ नियम देशभर १ एप्रिल २०१७पासून, बीएस-६ १ एप्रिल २०२०पासून. बीएस-६ डिझेलला सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ असतो, काजळी पकडणारी जाळी. काजळी साठली की ती जाळायला गाडी थोडा वेळ सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. रोज बारा किलोमीटर जायचं, त्यातही सिग्नल-सिग्नलला थांबत, मग ती कधी जळणार? आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस मिनिटं हायवेला गाडी काढणारा माणूस असेल तर ठीक, नाहीतर दिवा लागतो, गाडी पिकअप सोडते आणि खर्च अंगावर येतो. म्हणून शहरात जास्त फिरणाऱ्याला मी २०२१च्या डिझेलपेक्षा २०१८-१९चं डिझेल सुचवतो. ऐकायला उलटं वाटतं, पण या वर्गातल्या बीएस-४ डिझेलमध्ये ही जाळी नसते. ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत, काजळी तिथेही धरते, पण ती साफ करता येते.

याच कारणाने ‘२०२०ची गाडी’ एवढ्यावर थांबू नका. जानेवारी ते मार्च २०२०मध्ये पासिंग झालेल्या बऱ्याच गाड्या २०१९मध्ये बनलेल्या बीएस-४ होत्या. मुदत संपायच्या आत कंपन्यांना त्या विकायच्या होत्या. आरसीवर बनावटीचा महिना-वर्ष असतो आणि प्रदूषणाचा नियमही असतो. दोन्ही वाचा. विकणारा पासिंगचं साल सांगतो, पण गाडीचं वय बनावटीपासून मोजायचं.

पेट्रोललाही एक रेषा आहे. एप्रिल २०२३पासून बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे भाग २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे असतात. त्याआधीच्या बहुतेक गाड्या १० टक्क्यांसाठी बनल्या आणि पंपावर आता २० टक्केवालं मिळतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच. एवढ्यावरून गाडी नाकारू नका. इंधनाचे रबरी पाइप आणि जोड तपासून घ्या आणि टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

आता तुमचा हिशोब. रोज २४ किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, वर्षाचे ७,२०० झाले. गुहागरला जाऊन-येऊन साडेपाचशे धरले तर पाच फेऱ्यांचे पावणेतीन हजार. एकूण दहा हजारांच्या आसपास. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये धरू. ब्रेझा पेट्रोलने सरासरी १५ दिले तर वर्षाला साधारण ६९,००० रुपये. क्रेटा डिझेलने साडेसोळा दिले तर साधारण ५४,५००. फरक १५ हजारांच्या आत. आठ वर्षांच्या डिझेलचे चार इंजेक्टर किंवा टर्बो निघाला तर अशी कित्येक वर्षांची बचत एका बिलात जाते. तुमचं रनिंग वर्षाला अठरा-वीस हजार असतं तर मी डोळे मिटून ते १.६ डिझेल घ्या म्हटलं असतं, इतकं ते इंजिन मला आवडतं. दहा हजाराला नाही.

एक्सयूव्ही ५०० तुमच्या रोजच्या कामाला मोठी पडते. १४० पीएसचं इंजिन, पाच माणसं आणि सामान घेऊन कुंभार्ली घाट ती सहज चढेल. पण वर्षातल्या दहा दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस दोन टनाच्या आसपासची गाडी पार्किंगमध्ये वळवायची, त्या आकाराचे टायर आणि क्लच भरायचे. शिवाय २०१६ची डिझेल फार स्वस्त सांगत असतील तर नंबर कुठला आहे ते बघा. दिल्लीत डिझेलवर दहा वर्षांची मर्यादा आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे येतात. एनओसी, इथला रोड टॅक्स, पासिंगच्या खेपा हे सगळं धरलं की स्वस्त राहत नाही.

तुमच्या यादीत नसलेली एक गाडी मात्र मी घालेन: त्याच क्रेटाचं १.६ पेट्रोल, मे २०१८नंतरच्या बदललेल्या मॉडेलमधलं. १२३ पीएस, टर्बो नाही, चेनचं साधं इंजिन. पितं जास्त, शहरात दहा-अकराच देईल. पण मागे एसीचे झरोके आहेत, जे त्या ब्रेझात नाहीत. मे महिन्यात चिपळूणच्या उकाड्यात मागे बसलेल्या आईला तो फरक कळेल. ऑटोमॅटिक हवी असेल तर दोन्हींत साधी टॉर्क कन्व्हर्टरवाली मिळते. ब्रेझाची चारच गिअरची, जुन्या वळणाची, पण सोशिक. २०२०च्या नव्या क्रेटात १.४ टर्बो पेट्रोलबरोबर येणारी डीसीटी, म्हणजे दोन कोरड्या क्लचची ऑटोमॅटिक, गर्दीत तापते, रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्याने जुनी घेऊ नये असं माझं मत आहे.

इतकं ठरवूनही शेवटी घेतो ती एकच गाडी आणि तिचा इतिहास तिच्यापुरता असतो. दोन वर्षांपूर्वी एक जोडपं गाडी घेऊन आलं. दोनच महिन्यांपूर्वी घेतलेली, ३८ हजार रनिंग, रंग चकचकीत. तक्रार एवढीच की एसीला ओलसर वास येतो आणि मधूनच पॉवर विंडो बंद पडते. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तांबड्या मातीची रेघ होती. गालिचा उचलला तर वायरिंगचे जोड हिरवे पडलेले, सीटचे बोल्ट गंजलेले. नंबर ज्या भागातला होता तिथे जुलै २०२१मध्ये पाणी शिरलं होतं. बाईंनी प्रसूतीच्या आधी घरात गाडी हवी म्हणून दागिने मोडून ती घेतली होती. त्यांना काय सांगायचं ते मला सुचेना. सीटबेल्ट ओढायला दहा सेकंद लागतात हो. चिपळूण-महाडकडची गाडी असो की २०१९च्या पुरातली सांगली-कोल्हापूरची, आधी हे बघा. स्टेपनीखालची जागाही बघा.

बाकी तपासणी: आदल्या रात्री सांगून ठेवा की सकाळी गाडी सुरू करू नका आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिनच खरं बोलतं. चेनचा खडखडाट, निळा धूर सगळं पहिल्या मिनिटात कळतं. ऑइलचं झाकण उघडून खालून वाफेचा जोर येतोय का बघा. मग कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये खालच्या आरपीएमवरून दाबा. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, म्हणजे क्लच संपला. नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी काढायला मालकालाच सांगा, किलोमीटर मागे फिरवले असतील तर तिथे पकडले जातात. विम्याच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस शून्य असेल तर कारण विचारा. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

मी तुमच्या जागी असतो तर आधी २०२०च्या उत्तरार्धातली किंवा २०२१ची ब्रेझा पेट्रोल मॅन्युअल शोधली असती, पहिल्या मालकाची. आठातले ६०-७० हजार टायर, बॅटरी, सगळी ऑइलं आणि ट्रान्सफरसाठी बाजूला ठेवा. पण ठरवण्याआधी बाबांना सोबत न्या. ब्रेझात आणि क्रेटा पेट्रोलमध्ये मागे तिघांना बसवा, बाबांना दाराकडे. अर्धा तास फिरवा आणि त्यांना उतरताना बघा, गुडघा कुठे अडतो, हात कुठे धरतात. ते सांगणार नाहीत, म्हणतील चालेल, म्हणून तुम्हीच बघा.