मेघदूत हवंय, पण कुठलं?

तुम्ही विचारलंय की मेघदूत, व्यासभाष्यासकट योगसूत्रं आणि महाभारत, तिन्ही मूळ संस्कृतात 'चांगल्या आवृत्तीत' पुण्यात कुठे मिळतील, आणि आप्पा बळवंत चौकातला दुकानदार उलट 'कुठलं मेघदूत?' असं का विचारतो. दुकानदाराचं काही चुकलेलं नाही हो.

आपण पाठ केलेलं 'आषाढस्य प्रथमदिवसे' हा मल्लिनाथ या टीकाकाराने स्वीकारलेला पाठ (पाठ म्हणजे पोथीतला शब्द, तो पोथीगणिक बदलतो). काश्मीरचा दुसरा टीकाकार वल्लभदेव, त्याच्या प्रतीत तिथेच 'प्रशमदिवसे' आहे, म्हणजे आषाढ सरताना. एका अक्षरावर महिना इकडचा तिकडे! (आपला कालिदास दिन मल्लिनाथाच्या भरवशावर चालतो.) वल्लभदेवाच्या टीकेसह हुल्ट्झ या जर्मन अभ्यासकाने १९११ साली छापलेल्या आवृत्तीत १११ श्लोक आहेत, मल्लिनाथी प्रतींत त्याहून जास्त. त्यामुळे कुणी 'मेघदूत, श्लोक अमुक' म्हणाला आणि तुमच्या पुस्तकात भलताच श्लोक निघाला तर गोंधळू नका. नुसतं वाचायचं असेल तर मो. रा. काळ्यांची टिपांसह आवृत्ती घ्या. मोतीलाल बनारसीदासची पुनर्मुद्रणं सहज मिळतात.

योगसूत्रांच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्लीय. एका प्रकाशकाचं कोरं करकरीत पुनर्मुद्रण घेतलं. घरी येऊन उघडतो तर जुनी प्रस्तावना गायब, तळटिपा पुसट आणि संपादकाचं नावच नाही. पुढे ग्रंथालयात मूळ पुस्तक हातात आलं तेव्हा कळलं, पानं आनंदाश्रमाची होती, फक्त मुखपृष्ठ नवं.

आनंदाश्रम म्हणजे महादेव चिमणाजी आपट्यांनी काढलेली संस्था, त्याच चौकाजवळ. तुम्ही बहुधा तिच्यावरूनच दुकानात गेला असाल. तिथल्या ग्रंथावलीतला ४७ वा ग्रंथ तुम्हाला हवा तो: व्यासभाष्य, त्यावरची वाचस्पतिमिश्रांची टीका आणि शिवाय भोजवृत्ती (सूत्रांवरचं भोजराजाचं विवरण), सगळं एकत्र, १९०४ साली काशीनाथशास्त्री आगाशे यांनी शोधलेलं ('शोधलेलं' म्हणजे इथे शुद्ध केलेलं). नाव 'पातञ्जलयोगसूत्राणि' असंच सांगा. सूचीत 'योगसूत्र' शोधलंत तर सापडेलच असं नाही. या ग्रंथावलीच्या पुस्तकांत सुरुवातीला बहुधा 'आदर्शपुस्तकोल्लेखपत्रिका' असते. कुठली हस्तलिखित पोथी कुणाकडून आणली आणि तिला क, ख, ग यांपैकी कुठलं अक्षर दिलं, हे त्यात लिहिलेलं असतं. मग खाली तळटिपेत 'ख. ग.' आणि पुढे वेगळा शब्द दिसला, की त्या दोन पोथ्यांत तसा पाठ आहे हे कळतं. पुनर्मुद्रण घेताना आधी हे पान आहे का ते बघा. नसेल तर परत ठेवा.

जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर ७८ मिळवा, काशी-मुंबईकडचा संवत असेल तर ५७ वजा करा. वर्षाअखेरीला एखादा आकडा मागेपुढे होतो, तेवढं चालतं.

महाभारताला दोन रस्ते आहेत. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती (म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता) १९६६ साली पूर्ण झाली. संशोधनाला तीच लागते. पण व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही गोष्ट तिच्या मुख्य संहितेत शोधाल तर मिळणार नाही. तिचे संपादक सुकथनकर यांनी ती परिशिष्टात टाकलीय. आजीकडून ऐकलेलं महाभारत हवं असेल तर नीलकंठाच्या टीकेसह चित्रशाळेने छापलेलं, किंजवडेकरशास्त्र्यांनी संपादलेलं बघा. तेही पुण्याचंच, १९२९ पासून छापलेलं. माझ्याकडे दोन्ही नाहीत. भांडारकरचे खंड मी लॉ कॉलेज रोडवर संस्थेच्या ग्रंथालयातच बसून वाचतो.

आणि हो, विकत घेण्याआधी अर्काइव्ह डॉट ऑर्गवर त्याच आवृत्तीचं स्कॅन उघडून बघा. शोधताना नावाबरोबर संपादक आणि साल टाका. स्कॅनमध्येही कधीकधी पानं गळालेली असतात, तेव्हा पृष्ठांक सलग आहेत का ते तपासा. माझ्याकडच्या एका फाइलमध्ये ९६ नंतर थेट ११३ येतं, आणि नेमका मला हवा तो भाग मधे आहे.