फर्लो नाकारली, मुलीचं लग्न तोंडावर: आता काय करावं?

प्रश्न: माझे पती कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात आहेत. कलम ३०४ भाग दोनखाली (सदोष मनुष्यवध) दहा वर्षांची शिक्षा आहे, सूट धरून सुटकेला दीड वर्ष राहिलं. वागणुकीबद्दल तक्रार नाही. तरी फर्लोचा (तुरुंगातून ठरावीक दिवसांच्या रजेचा) अर्ज दोनदा नाकारला. कागदावर नियम ४ (४) आणि "फिर्यादी त्याच गावात राहतो, शांतता भंग होण्याची शक्यता" एवढंच लिहिलंय. जामीनदार माझे सासरे होते. दोन महिन्यांनी मुलीचं लग्न आहे. कुणी म्हणतं पॅरोल घ्या, कुणी म्हणतं पॅरोल घेतला तर शिक्षा वाढते. काय करू?

उत्तर: ताई, तुमच्यापुढे दोन वेगळी कामं आहेत. लग्नासाठी एक रजा, आणि अडकलेली फर्लो ही दुसरी. दोन्हींचे अर्ज आणि कारणं वेगळी असतात, त्यामुळे एकाच अर्जात दोन्ही मागू नका.

आधी "शिक्षा वाढते" या भीतीबद्दल. महाराष्ट्रात या रजा १९५९ च्या फर्लो व पॅरोल नियमांनी चालतात. फर्लो म्हणजे संचित रजा. ती चांगल्या वागणुकीवर मिळते, तिला कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. तिला ठरावीक कारण लागतं आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. म्हणजे चौदा दिवसांचा पॅरोल घेतला तर सुटकेची तारीख तेवढी पुढे जाते, मूळ शिक्षा वाढत नाही. मुलीच्या लग्नासाठी ही किंमत मोठी नाही असं मला वाटतं, पण निर्णय तुमच्या पतींनी ही गोष्ट समजून घेऊन करावा.

लग्नासाठी तातडीचा पॅरोल आहे. मुलगा, मुलगी, भाऊ किंवा बहिणीचं लग्न या कारणाला तो चौदा दिवसांपर्यंत मिळतो आणि त्याला मुदतवाढ नाही. अर्ज पतींनी कारागृहातून, अधीक्षकांमार्फत द्यायचा. सोबत छापील लग्नपत्रिका, मुलीचा जन्मदाखला किंवा वडिलांचं नाव असलेला शाळेचा दाखला, मंगल कार्यालयाची पावती आणि नवऱ्या मुलाच्या घरच्यांचा पत्ता व फोन जोडा. पोलीस ठाण्याकडून पडताळणी होते. पत्रिकेवरची तारीख आणि कार्यालयाच्या पावतीवरची तारीख जुळली नाही तर अर्ज तिथेच अडकतो. लग्न गावात न ठेवता तालुक्याच्या किंवा दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात ठेवता आलं तर जरूर ठेवा. तुमच्या प्रकरणात जागेला फार महत्त्व आहे.

विभागीय आयुक्तांकडची नियमित अभिवचन रजा गंभीर आजार, पत्नीचं बाळंतपण, घर पडणं, पूर, आग अशा कारणांना असते. तिच्यासाठी आजारपणाचा दाखला "करून घेण्याचा" सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. पोलीस दवाखान्यात जाऊन विचारतात, आणि खोटा दाखला उघड झाला की पुढची फर्लोसुद्धा हातची जाते.

आता फर्लो. नियम ४ मध्ये कुणाला फर्लो नाही याची यादी आहे. तुमच्या पतींना त्यांच्या गुन्ह्यामुळे किंवा वागणुकीमुळे नाकारलेलं नाही. उपनियम ४ पोलिसांच्या प्रतिकूल अहवालाचा आहे, आणि तो अहवाल एकाच गोष्टीवर उभा आहे: पती फिर्यादीच्या गावात येऊन राहणार. तोच पत्ता आणि तोच जामीनदार देऊन तिसरा अर्ज केला तर तोच अहवाल येईल.

म्हणून जामीनदार आणि राहण्याचं ठिकाण दोन्ही बदला. नियम ६ प्रमाणे जामीनदार कैद्याला ठेवून घ्यायला तयार असलेला नातेवाईक हवा. तुमचा भाऊ किंवा पतींची विवाहित बहीण दुसऱ्या तालुक्यात, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल तर त्यांचा पत्ता द्या. अर्जात स्पष्ट लिहा: "रजेच्या काळात मी अमुक गावी राहीन, फिर्यादीच्या गावाच्या हद्दीत जाणार नाही, सांगाल त्या ठाण्यात हजेरी देईन." मग चौकशी त्या दुसऱ्या ठाण्याकडूनही करावी लागते आणि फिर्यादीच्या शेजारी राहण्याचा मुद्दा उरत नाही.

जामीनदाराची तयारी करून घ्या, कारण बरेच अर्ज इथेच पडतात. आधार, रेशनकार्ड, घराचा पुरावा, सातबारा किंवा पगाराची स्लिप आणि नातं दाखवणारा कागद घरात तयार हवा. हवालदार जबाब घ्यायला येतो तेव्हा घरातलं कुणीतरी घाबरून "आम्हाला माहीत नाही" किंवा "आमच्यावर जबाबदारी नको" म्हणतं, आणि तेच वाक्य अहवालात जातं. मागच्या वेळी तुमच्या सासऱ्यांचा जबाब नेमका काय लिहिला होता हे आधी शोधा. वय झालेला माणूस कैद्यावर नियंत्रण ठेवू शकणार नाही, असा शेराही पोलीस मारतात.

त्यासाठी नकाराच्या आदेशाची आणि पोलीस अहवालाची प्रत लागेल. पतींनी ती कारागृहातून लेखी मागावी. नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज करा. फर्लोचा निर्णय कारागृह उपमहानिरीक्षक देतात आणि त्यावर पुण्याच्या अपर पोलीस महासंचालक व कारागृह महानिरीक्षकांकडे अपील करता येतं. अपिलात नवा जामीनदार आणि नवा पत्ता मांडा.

अपीलही फेटाळलं तर उच्च न्यायालयात फौजदारी रिट, म्हणजे त्या नकाराविरुद्ध थेट याचिका. उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (खंडपीठ) ऑगस्ट २०२५ पासून सुरू असल्याने कळंब्याच्या कैद्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर काळजी नको. कोठडीतल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करा. न्यायालयात दोन्ही बाजूंचं काय पुढे येईल तेही सांगतो. सरकारी वकील नियम १७ दाखवतील: फर्लो हा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ साली गुजरातच्या नारायण साई प्रकरणात तेच म्हटलंय. तुमच्या बाजूने २०१७ चा अशफाक विरुद्ध राजस्थान हा निकाल आहे. कैद्याचा कुटुंबाशी आणि समाजाशी दुवा टिकावा हा या रजांचा हेतू त्यात मांडला आहे, आणि गुन्हा गंभीर होता एवढ्यावरच रजा नाकारू नये असंही म्हटलं आहे. हक्क नसला तरी मनमानी नकार चालत नाही, हा तुमचा युक्तिवाद. "शक्यता आहे" एवढ्या एका ओळीपलीकडे पोलिसांकडे ठोस काय आहे, हे न्यायालयाला विचारायला लावा.

लग्न दहा दिवसांवर आलं आणि तातडीच्या पॅरोलचा निर्णय नसेल तर थांबू नका. पत्रिका आणि अर्जाची पोच घेऊन थेट रिट करा. अर्ज दिल्याची पोच नसेल तर तिथे हात बांधले जातात, म्हणून पतींना सांगा की अर्जाचा आवक क्रमांक लिहून घ्या आणि मुलाखतीत तुम्हाला द्या.

रजा मिळाली तर परतीची वेळ आदेशात पाहा आणि त्या दिवशी दुपारपर्यंत गेटवर पोहोचा. संध्याकाळी बराकी बंद झाल्यावर पोहोचलं तर उशीर धरला जाऊ शकतो. उशिराच्या प्रत्येक दिवसामागे शिक्षेतल्या माफीचे अनेक दिवस कापले जातात, जामिनाची रक्कम जाते, पुढच्या फर्लोला नियम ४ (१०) (वेळेवर न परतलेल्याला फर्लो नाही) आडवा येतो आणि वेगळा गुन्हाही दाखल होऊ शकतो. खरंच आजारी पडले तर सरकारी दवाखान्यात दाखल करा आणि मुदत संपण्याआधी अधीक्षकांना लेखी कळवा. पण कळवलं म्हणजे मुदत वाढली असं धरून घरी बसू नका.

पुढच्या मुलाखतीला जाताना नव्या जामीनदाराचं पूर्ण नाव, नातं, पत्ता आणि त्या पत्त्याचं पोलीस ठाणं एका कागदावर लिहून न्या. अर्ज पतींनाच भरायचा आहे, आणि ठाण्याचं नाव चुकलं तर कागद चुकीच्या ठाण्यात जाऊन महिना वाया जातो.